खडूची डबी

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध माणसांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणे हा धर्मगुरूच्या जीवनातील एक शांत भाग असतो. आष्टी तालुक्यात आमची ख्रिस्ती घरे विखुरलेली आहेत; चार घरे या वस्तीवर, तर दोन पलीकडच्या माळावर. दसरा उलटला की निम्मी वस्ती ऊसतोडीला निघून जाते आणि मागे उरतात ती म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि दाराशी बांधलेली एखादी शेळी. त्यामुळे डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी माझी फेरी एरवीपेक्षा लांबते. ज्यांच्या घरात बोलायला कोणी उरलेले नाही, ती माणसे फादरला लवकर उठू देत नाहीत.

२०२२ सालच्या डिसेंबरातला तो शुक्रवार मी विसरू शकलेलो नाही. त्या दिवशी सर्वांत शेवटी मी आमच्या बाईंकडे गेलो होतो. बाई म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. शाळेतली नोकरी संपली तरी रविवारची धर्मशिक्षणाची शाळा त्यांनी सोडली नव्हती. इथल्या कितीतरी मुलांना क्रुसाची खूण करायला त्यांनी शिकवले आणि प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले. हरेगावची मतमाउलीची यात्रा त्यांनी क्वचितच चुकवली असेल. २०१६ मध्ये त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचारही पूर्ण झाले आणि पाच-सहा वर्षे बरी गेली. त्या पावसाळ्यात पाठ दुखू लागली तेव्हा त्यांच्यासह आम्ही सर्वांनी ती वयाच्या खाती मांडली. कोणी तेल चोळले, कोणी पट्टा बांधायला दिला, कोणी सुया टोचल्या. असे तीन महिने गेले. नंतर नगरला तपासणी झाली तेव्हा कळले की, जुना रोग हाडांत उतरला आहे, पाठीच्या कण्यात आणि कमरेच्या हाडात.

मी गेलो तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून एका कुशीवर निजल्या होत्या. कूस बदलायची वेळ आली की त्या पदराचा बोळा दातांत धरीत. मी प्रार्थना म्हटली, ख्रिस्तप्रसाद दिला. त्यांना मान उचलता आली नाही. निघताना त्यांची सून माझ्याबरोबर दारापर्यंत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "फादर, बाई गोळ्या खात न्हाईत. मी देते, त्या तोंडात धरतात न् मी वळले की काढून ठेवतात. ह्ये बघा." तिने पदराआडून एक पत्र्याची डबी काढली. शाळेत खडू ठेवायची डबी; आतल्या बाजूला अजून पांढरी धूळ होती आणि त्या धुळीत माखलेल्या पस्तीस-चाळीस गोळ्या.

मी माघारी फिरलो. खाटेजवळ बसलो आणि विचारले, "बाई, हे काय?"

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, उत्तम शुक्रवारी तुम्हीच सांगितलं होतं ना? येशूला क्रुसावर चढवायच्या आधी गुंगीचा द्राक्षारस देऊ केला, तो त्यानं घेतला नाही. मी म्हटलं, आपणही घेऊ नये. आपलं दुःख त्याच्या दुःखात मिसळावं."

मला उत्तर सुचले नाही. प्रवचन माझेच होते. १५ एप्रिल २०२२ रोजी, दोन वर्षांच्या साथीनंतर मंदिर पुन्हा भरले होते आणि मार्कच्या शुभवर्तमानातील तो बोळमिश्रित द्राक्षारस मी मोठ्या आवेशाने वर्णन केला होता. ज्याने तो नाकारला त्याचे धैर्य मी सांगितले. आणि प्रवचनाच्या ओघात, शुद्धीत राहून सोसलेली वेदनाच देवाला अधिक प्रिय असते, असेही काहीसे म्हणून गेलो होतो. धट्टीकट्टी माणसे समोर बसलेली असताना असे वाक्य उच्चारणे फार सोपे असते. ते वाक्य आठ महिने एका बाईच्या हाडांत जाऊन बसेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

त्या रात्री मी सेमिनरीतल्या जुन्या वह्या काढल्या. पुण्यात आम्हाला नीतिशास्त्र शिकविताना हा प्रश्न पुरेसा स्पष्ट करून सांगितला होता, आणि माझ्याच हस्ताक्षरात तो लिहिलेला सापडला. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली होती. वेदना स्वेच्छेने पत्करणे हा कोणाचा व्यक्तिगत मार्ग असू शकतो. परंतु औषध नाकारण्याचे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. दुसरा मार्ग नसेल, आणि हेतू केवळ वेदना शमविण्याचा असेल, तर त्या औषधाने आयुष्य थोडे उणे होण्याचा संभव असला तरी ते देणे निषिद्ध नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही हीच भूमिका आहे आणि वेदनाशामक सेवेला तेथे प्रीतिकार्याचा मान दिला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी, लूर्दच्या मातेच्या सणादिवशी, मानवी दुःखावर एक प्रेषितीय पत्र लिहिले. स्वतः गोळ्या झेलून तीन वर्षेही लोटली नव्हती. त्या पत्रातील क्रुसावरचे भाग आम्ही प्रवचनात हमखास वापरतो. पण पत्र जिथे संपत येते तिथे चांगल्या शोमरोनीची गोष्ट आहे, आणि शोमरोनीने त्या जखमी माणसाला दुःख अर्पण करायला सांगितले नाही. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसविले आणि धर्मशाळेचे पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बाईंकडे गेलो आणि सांगितले, "बाई, मी चुकीचं शिकवलं."

शिक्षकी पेशात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य चटकन कळते. त्या म्हणाल्या, "मग आता दुरुस्त काय आहे?"

दुरुस्त काय आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होते? आजाऱ्यांच्या अभ्यंगाचे तेल माझ्या पिशवीत होते. १९७२ पासून त्या संस्काराचे 'अंतिम अभ्यंग' हे स्वरूप बदलले आहे; तो रुग्णांचा संस्कार आहे, मरणाऱ्यांचाच नव्हे. तरी आमच्याकडे फादर तेल घेऊन आले म्हणजे शेजारपाजारची माणसे लाकडांची चौकशी करू लागतात! बाईंना मी तो संस्कार दिला, आणि मग फोन उचलून माझ्या एका सहाध्यायी धर्मगुरूंच्या डॉक्टर भावाला गाठले. त्यांनी अर्धा तास मला समजावले. ते येथे सविस्तर लिहितो, कारण माझ्याप्रमाणेच पुष्कळांना यातले काही ठाऊक नसते, आणि 'हाडात गेले, आता काही होत नाही' एवढ्यावर आपण थांबतो.

हाड आपल्याला दगडासारखे मृत वाटते, पण ते सतत घडत आणि मोडत असते. त्यात जुने हाड खाणाऱ्या पेशी असतात आणि नवे बांधणाऱ्याही असतात. कर्करोगाच्या पेशी तेथे पोहोचल्या की खाणाऱ्या पेशींना चेतवतात. हाड कुरतडले जाते, पोकळ होते. हाडावरच्या पातळ वेष्टनात वेदनेचे तंतू दाट असतात, ते ताणले जातात, डिवचले जातात. शिवाय पोकळ झालेला मणका शरीराच्या भाराने खचतो आणि प्रत्येक हालचालीला त्याचे तुकडे एकमेकांवर घासतात. म्हणून ही वेदना दोन प्रकारची असते: एक रात्रंदिवस ठणकणारी, दुसरी कूस बदलताना विजेसारखी चमकून जाणारी. पहिलीवर गोळ्या चालतात. दुसरी पुष्कळदा गोळ्यांना जुमानत नाही, कारण तिचे कारण मोडलेल्या वस्तूत असते. बाई कूस बदलताना पदर दातांत का धरीत, हे मला तेव्हा कळले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पायांत बळ आहे का, लघवी व्यवस्थित होते का, असा. मला तो विचित्र वाटला. कण्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबली तर पाय लुळे पडतात, बधिरपणा येतो, लघवी-शौचावरचा ताबा जातो. आणि तसे होऊ लागले तर तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. वाचकांनी या लेखातील बाकी सारे विसरले तरी हरकत नाही, एवढे लक्षात ठेवावे. ज्याला कर्करोग झाला आहे किंवा होऊन गेला आहे, त्याची पाठ दुखत असेल आणि पाय जड पडू लागले असतील, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

बाईंचे पाय शाबूत होते. प्रथम किरणोपचार ठरले. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि मराठवाड्याच्या गरीब माणसाला त्याचा मोठा आधार झाला आहे. बार्शीलाही बऱ्याच वर्षांपासून कर्करोगाचे रुग्णालय आहे. जीपमध्ये मागच्या बाकावर गादी अंथरून आम्ही बाईंना नेले. माझी समजूत अशी की, किरणोपचार म्हणजे महिनाभर रोज खेटे. पण हाडाची वेदना शमविण्यासाठी एकाच बैठकीत आठ ग्रेची मात्रा देता येते. एका बैठकीने मिळणारा आराम दहा बैठकांच्या आरामाइतकाच असतो, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे. फरक इतकाच की, एका बैठकीनंतर पुढे केव्हा तरी पुन्हा किरण देण्याची गरज अधिक वेळा पडते. आष्टीहून निघणाऱ्या आजाऱ्यासाठी एक खेप आणि दहा खेपा यांतले अंतर काय असते, ते रस्त्यावरचे खड्डे मोजलेल्या माणसालाच कळेल. दहांपैकी सुमारे सहा जणांना यातून आराम पडतो, कोणाला पूर्ण, कोणाला अर्धा. तो लगेच पडत नाही, आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. आणि पहिले दोन-तीन दिवस दुखणे वाढूही शकते. ते आधी सांगितलेले असले म्हणजे माणूस धीर धरतो. हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालणारे इंजेक्शनही त्यांना शिरेतून सुरू झाले.

नाताळापर्यंत बाईंच्या कमरेचा ठणका उतरला. परंतु उठून बसायचे म्हटले की पाठीच्या एका मणक्यातली कळ तशीच. तो मणका खचला होता. तेव्हा त्याच डॉक्टरांनी पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. तेथे त्या मणक्यात सुईवाटे सिमेंट भरायचे होते.

सिमेंट हा शब्द ऐकून बाईंच्या मुलाने ऊसतोडीच्या कोपीवरून फोन केला. "फादर, आईच्या पाठीत शिमिट घालणार म्हंजी काय घराची भित हाय का ती?" मलाही प्रथम थट्टाच वाटली होती. पण ते खरेच एक प्रकारचे सिमेंट असते. सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत वापरतात तेच. पातळ भरायचे आणि काही मिनिटांत घट्ट होणारे. फ्रान्समधील आमियाँ या शहरात गालिबेर व देरामाँ या डॉक्टरांनी १९८४ साली प्रथम ते एका रुग्णाच्या मानेच्या मणक्यात सुईने भरले. आमियाँ हे तेथील उंच, प्राचीन कॅथिड्रलसाठी प्रसिद्ध आहे, हे आम्हा धर्मगुरूंना माहीत. दुसरे हे काम मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

जानेवारी २०२३ मध्ये मी बाईंबरोबर पुण्यास गेलो. बाईंना पालथे निजविले, पाठीची त्वचा बधिर केली, थोडे गुंगीचे औषध शिरेतून दिले. पूर्ण भूल नाही. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत डॉक्टर सुई मणक्याच्या मागच्या बाजूच्या अरुंद हाडातून आत नेतात. सिमेंट क्ष-किरणांत दिसावे म्हणून त्यात बेरियम मिसळलेले असते. त्यामुळे ते आत कसे पसरते हे डोळ्यांनी दिसते आणि मज्जारज्जूच्या दिशेने झिरपू लागले तर तत्क्षणी हात थांबवता येतो. झिरपणे हा या उपायातला खरा धोका आहे. म्हणूनच प्रत्येक खचलेल्या मणक्यात ते भरता येत नाही. आधी चित्रे काढून नीट तपासावे लागते. बाईंचे सारे तासाभरात आटोपले. पाठीवर टाका नाही, दोन लहान पट्ट्या तेवढ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पलंगाच्या कडेला बसल्या. पाय खाली सोडून बसल्या. मी दारात उभा होतो. त्यांनी मला पाहिले आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे: "फादर, चहा मिळेल का? बसून प्यायचाय."

या उपायाची भलामण करताना खरे ते सांगितले पाहिजे. वयोमानाने ठिसूळ झालेल्या मणक्यांत सिमेंट भरण्याविषयी २००९ साली दोन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि नुसते सुई टोचल्याचे नाटक केलेल्या रुग्णांपेक्षा त्यांत फारसा फरक दिसला नाही. म्हणून प्रत्येक पाठदुखीसाठी धाव घेण्याचा हा उपाय नव्हे. कर्करोगाने खचलेल्या मणक्यांची गोष्ट वेगळी आहे. आधी छोटा फुगा फुगवून मग सिमेंट भरण्याच्या पद्धतीची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत अशा रुग्णांना स्पष्ट लाभ झाला. आणि याने कर्करोग बरा होत नाही. हे बाईंना डॉक्टरांनी सांगितले, मीही सांगितले. त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. मी बरी करा म्हटलं नव्हतं."

याच कुळातले आणखी काही उपाय आहेत. गाठीत सुई घालून रेडिओलहरींनी ती भाजून टाकतात, म्हणजे गाठीबरोबर तिच्या कडेचे वेदनातंतूही निकामी होतात. किंवा आर्गॉन वायूने सुईचे टोक इतके थंड करतात की, गाठीभोवती बर्फाचा गोळा तयार होतो आणि तो सीटी स्कॅनमध्ये दिसतो. सुई मुळीच न टोचता बाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटण्याची रीतही निघाली आहे. ही साधने मोठ्या शहरांतल्या थोड्या रुग्णालयांत आहेत आणि खर्चिक आहेत. रोग पुष्कळ हाडांत पसरलेला असेल तर सुई कुठे कुठे टोचणार? अशा वेळी शिरेतून किरणोत्सारी औषध देतात. ते रक्तावाटे जाऊन नेमके दुखऱ्या हाडांत साठते. त्यासाठी लागणारे समेरियम आपल्या तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होत आले आहे, हे ऐकून मला आनंद वाटला.

पण या सर्वांआधी आणि सर्वांनंतर मॉर्फिन आहे. सेमिनरीत असताना एका सुट्टीत मी बांद्र्याला माउंट मेरीजवळच्या शांती आवेदना सदनात काही दिवस सेवेस होतो. टाटा रुग्णालयातील कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली सुरू झालेले हे भारतातील पहिले हॉस्पिस. तेथे सिस्टर घड्याळ पाहून मॉर्फिन देत. दुखू लागल्यावर नव्हे, दुखण्याच्या आधी. समुद्राकडे तोंड करून बसलेले ते रुग्ण मला आठवतात. ते गुंगीत नव्हते, गप्पा मारीत होते. हे मी डोळ्यांनी पाहिले होते आणि तरीही त्या उत्तम शुक्रवारी तसे बोललो, याची लाज वाटते. आपला देश अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या थोड्या देशांपैकी एक. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात आपल्याच रुग्णांना मॉर्फिन दुर्मीळ झाले. २०१४ मध्ये कायदा बदलून ते थोडे सुकर झाले, तरी ते तालुक्यापर्यंत क्वचितच पोहोचते. आम्हाला ते दर महिन्याला नगरहून आणावे लागे.

बाईंनी आता गोळ्या घ्यायला सुरुवात केली होती, आणि सोबत न चुकता रेचक, कारण मॉर्फिनने पोट हमखास बांधले जाते. सून गोळी देई तेव्हा त्या जीभ बाहेर काढून दाखवीत, शाळेतल्या मुलासारखी!

७ एप्रिल २०२३ च्या उत्तम शुक्रवारी बाई मंदिरात आल्या. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होती. मार्कच्या त्या ओळीवर मी पुन्हा आलो. यंदा मी एवढेच म्हटले की, त्या वाटेवर कोणी तरी एका सोसणाऱ्या माणसासाठी वेदना शमविणारा पेला आणला होता, आणि शुभवर्तमानाने त्याची नोंद ठेवली आहे. विधी संपल्यावर बाईंनी मला जवळ बोलावले. "गेल्या वर्षीचं वाक्य गाळलंत."

"हो, बाई."

"बरं केलंत. पण फादर, अर्पण करायचं ते मी अजून करते बरं का. दुखायचं थोडं राहिलंच आहे की. आता निदान प्रार्थना शेवटपर्यंत म्हणता येते. मघाशी 'आमच्या बापा' अर्ध्यावर सोडावं लागलं नाही."

मे महिन्यात त्यांनी एक हट्ट धरला. नगर ते आष्टी रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली, तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. आयुष्यभर 'रेल्वे येणार' हे ऐकत आलेल्या बाईंना ती एकदा पाहायची होती. मुलगा ऊसतोडीहून परतला होता. मायलेक न्यू आष्टी स्थानकावर गाडीत बसले, नगरला जाऊन मॉर्फिन घेतले आणि गाडीनेच परत आले. सहासष्ट किलोमीटर जाणे, सहासष्ट किलोमीटर येणे. सारे खिडकीपाशी बसून. परत आल्यावर त्या दोन दिवस झोपून होत्या, पण त्याबद्दल तक्रार नव्हती.

ऑगस्टमध्ये रोग यकृतात पोहोचला. शेवटचे तीन आठवडे त्या क्षीण होत गेल्या. मॉर्फिन वाढले, गोळी गिळवेना तेव्हा ते पातळ करून चमच्याने दिले. शेवटच्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या उताण्या, सरळ निजल्या होत्या, चेहरा दाराकडे. मला ओळखले. सुनेने डोके किंचित उचलले आणि पाण्याच्या थेंबाबरोबर ख्रिस्तप्रसादाचा कण त्यांनी घेतला.

महिन्याच्या मिस्सानंतर सूनबाई ती पत्र्याची डबी घेऊन आली. धुऊन, पुसून आणली होती. उरलेल्या गोळ्या मी नगरच्या डॉक्टरांकडे परत पोहोचत्या केल्या. डबी रविवारच्या शाळेत फळ्याखाली ठेवली आहे. तीत आता खडू आहेत.